चूल आणि मोरी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या पुण्यांतील जुन्या घराच्या मागील भिंतीस ओल धरली आणि घर दुरुस्तीस काढल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. घर दुरुस्तीस काढणें म्हणजे काय, हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांस निराळें सांगावयास नकोच. प्रथम छप्पर आणि भिंती यांची यादी होते. मग कोणी तरी म्हणतें, एवढें काम निघतेंच आहे तर स्वयंपाकघरहि करून घ्यावें. दुसरें कोणी म्हणतें, मग न्हाणीघरानेंच काय घोडें मारलें आहे? पाहतां पाहतां भिंतीची ओल बाजूस राहते आणि साऱ्या खर्चाचा मोठा वांटा या दोन लहानशा खोल्यांत जाऊन बसतो. आमचेंहि तसेंच झालें.

कंत्राटदारानें नकाशा आणला. ओटा कोठें, बेसिन कोठें, गीझर कोणत्या भिंतीवर, फरशा कोणत्या रंगाच्या, सर्व कांहीं त्यांत रेखाटलेलें होतें. आम्हीं मान डोलावली. आमच्या काकू शेजारींच बसल्या होत्या. १९६५ सालीं त्या सून म्हणून या घरांत आल्या. केवळ त्यांचा मान राखावा म्हणून आम्हीं नकाशा त्यांच्यापुढें धरला व म्हटलें, "काकू, पाहा बरें, कसा वाटतो?" त्यांनीं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, "अरे, साठ वर्षं या घरांत रांधलं. पण चूल कुठं असावी हें मला आज पहिल्यांदाच कुणी विचारतंय. आणि तेंहि सगळं ठरवून झाल्यावर!"

आम्ही वरमलों. नकाशा गुंडाळून ठेवला, आणि मग कांहीं दिवस या दोन खोल्यांचा पूर्वेतिहास शोधण्यांत घालविले. त्यावरून दोन गोष्टी आमच्या मनांत पक्क्या झाल्या. पहिली ही कीं, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांत आजवर जी सुधारणा झाली ती प्रायः घराच्या आंतून झालेली नाहीं. बाहेरून पाणी, गटार आणि इंधन दारापर्यंत आलें, तेव्हांच ती झाली. दुसरी ही कीं, या दोन खोल्यांत ज्यांचे हात राबत होते त्यांचा सल्ला कोणींहि घेतला नाहीं. पहिली गोष्ट बांधकामाची आहे, दुसरी न्यायाची. दोहींचा विचार एकत्र केल्यावांचून दुरुस्तीची कोणतीहि योजना पुरी होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून तो इतिहास येथें थोडक्यांत मांडतों.

पेशवाईंतील एखाद्या वाड्याचा आराखडा डोळ्यांपुढें आणावा. दिंडीदरवाजा, देवड्या, चौक, ओसरी, दिवाणखाना, त्यामागें माजघर, आणि अगदीं शेवटीं परसाकडे तोंड करून स्वयंपाकघर. वास्तुशास्त्रानें अग्नीसाठीं आग्नेय कोपरा नेमून दिला होता खरा. परंतु सुताराची सारी कारागिरी पुढच्या अंगास खर्च होई. कोरीव खांब आणि महिरपी पाहुण्यांच्या वांट्यास येत; स्वयंपाकघराच्या वांट्यास शेणानें सारवलेली भुई, एखादा झरोका आणि धुरानें काळवंडलेल्या तुळया. चुलीपुढें बसून, फुंकणीनें फुंकून, ओल्या लांकडांचा धूर डोळ्यांत घेऊन दोन वेळचा स्वयंपाक होई. लांकडाच्या धुरानें डोळ्यांस व फुप्फुसांस अपाय होतो हें आज सर्वमान्य आहे. त्या काळीं स्त्रीचे पाणावलेले डोळे हा जणूं स्वयंपाकाचाच एक भाग समजला जाई.

या खोलीवर सोवळ्याचा पहारा असे. येथें कोणीं यावें, कोणीं येऊं नये, कोणतें वस्त्र नेसून यावें, हें सर्व ठरलेलें. ज्या स्त्रीच्या हातीं ही खोली होती तिलाच महिन्यांतून कांहीं दिवस तिचा उंबरठा ओलांडण्याची बंदी होती. लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रें' या आपल्या आत्मचरित्रांत वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची हकीकत सांगितली आहे. ती हंसत सांगितलेली असली तरी त्या वेडापायीं घरांतील बायकामुलांस काय सोसावें लागलें असेल, हें वाचकाच्या ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. स्त्रीस चुलीची राणी म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. परंतु त्या राज्याचे कायदे मात्र तिनें केलेले नव्हते.

आतां पाण्याकडे वळूं. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालून बांधलेल्या नळानें पुण्यांत आणण्यांत आलें आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडण्यांत आलें. त्या काळच्या मानानें हें काम थोर होतें यांत शंका नाहीं. शनिवारवाड्यांत तर हजारी कारंजें उडत होतें. परंतु सामान्य घरापुरतें पाहिल्यास, हौदापासून घंगाळापर्यंतचें अंतर कोणत्याहि नळानें कापलें नव्हतें. तें एक तर घरच्या बाईच्या कमरेवरील घागरीनें, नाहीं तर पाणक्याच्या खांद्यावरील कावडीनें कापलें जाई. ज्या घरांत प्रत्येक घागर मोजून आणावी लागते त्या घरांत न्हाणीघर प्रशस्त होणार तरी कसें? म्हणून न्हाणी म्हणजे एक दगड, शेजारीं चुलाण्यावर तापणारें हंड्यांतील पाणी, आणि सांडपाणी परसांतील अळूच्या आळ्यांत. ही व्यवस्था गरीब होती, पण मूर्खपणाची नव्हती. थोडें पाणी दोनदां उपयोगीं पडत असे.

हौद सर्वांचे होते असेंहि नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, तेव्हां तें मोठें धाडस ठरलें. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनीं, २० मार्च १९२७ रोजीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. आज आपण भिंतींत नळाची तोटी कोठें काढावी याची चर्चा करतों, तेव्हां पाण्यापर्यंत नुसतें पोंचण्यासाठीं याच प्रांतांत लढा द्यावा लागला होता, ही गोष्ट विसरतां कामा नये.

वाड्याच्या मागील अंगास आणखी एक दरवाजा असे, त्याविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. संडास घरापासून जितका दूर ठेवतां येईल तितका दूर असे, आणि त्याच्या मागच्या बाजूनें मैला उचलणाऱ्या माणसासाठीं निराळी वाट असे. घरांतील कोणाची व त्याची दृष्टादृष्ट होऊं नये हाच त्या वाटेचा उद्देश. मुंबईंत पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांमध्यें जी अरुंद बोळ सोडलेली दिसते, तिला अद्यापि 'हाऊस गल्ली' म्हणतात. ती हवेसाठीं सोडलेली नाहीं, टोपल्या वाहून नेण्यासाठीं सोडलेली आहे. १८८८ च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यांत तर या कामासाठीं 'हलालखोर कर' या नांवाचा स्वतंत्र कर होता. म्हणजे त्या माणसाच्या श्रमाची नोंद सरकारदप्तरीं झाली. घराच्या नकाशांत मात्र त्याला लपविण्याची सोय तेवढी झाली.

ही स्थिति पालटण्यास आरंभ झाला तो मुंबईंत, आणि तो नळानें झाला. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें शहरांत आलें. १८९२ सालीं तानसाचें आलें. विहिरी व तळीं यांवर अवलंबून असलेल्या शहरांत हा मोठाच पालट होता. परंतु पाणी आंत आणणें हें अर्धेंच काम आहे. जितकें पाणी घरांत येतें तितकेंच घाण होऊन बाहेर जावयास हवें. तें न गेल्यास पूर्वीं कोरडी असलेली वस्ती दलदल होऊन बसते. मुंबईच्या दाट वस्तींत हेंच झालें. नळ पुढें गेला, गटार मागें राहिलें.

१८९६ सालीं मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला, आणि मग सरकारची दृष्टि एकदम लोकांच्या घरांत शिरली. अंधाऱ्या खोल्यांस चुना फांसण्यांत आला, ऊन आंत यावें म्हणून छपराचीं कौलें काढण्यांत आलीं, कित्येक खोल्यांवर 'मनुष्यवस्तीस अयोग्य' अशा अर्थाचीं अक्षरें रंगविण्यांत आलीं. पुण्यास १८९७ सालीं याच मोहिमेंत जो जुलूम झाला आणि त्याची परिणति रँडच्या खुनांत कशी झाली, हें महाराष्ट्रास सांगावयास नको. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो हें शास्त्रज्ञ पॉल-लुई सीमाँ यांनीं १८९८ सालीं दाखवून दिलें. तोंपर्यंत दोष दमट हवेच्या माथीं मारला जात होता. निदान चुकलें होतें, तरी त्यांतून एक बरी गोष्ट निघाली. गरिबाच्या खोलींत उजेड, हवा आणि निचरा असावा, हा सार्वजनिक कर्तव्याचा प्रश्न आहे असें प्रथमच मान्य झालें. १८९८ सालीं मुंबईंत सुधारणा मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झालें तें याच विचारानें.

तथापि मान्य होणें निराळें आणि मिळणें निराळें. १९२० नंतर मुंबई सरकारच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाईल रोड येथें कामगारांसाठीं ज्या २०७ चाळी बांधल्या, त्यांस आजहि बी. डी. डी. चाळी म्हणतात. त्यांतील एका कुटुंबाची खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलींतच चूल, तेथेंच मोरी, तेथेंच निजणें, तेथेंच बाळंतपण. संडास मजल्यावर सर्वांचे मिळून. चाळीच्या प्रेमळ आठवणी सांगणाऱ्या लेखकांची आपल्याकडे वाण नाहीं, आणि तो शेजारधर्म खोटा होता असें आम्हीहि म्हणत नाहीं. परंतु पहांटे चारला डबा घेऊन रांगेंत उभें राहणाऱ्या स्त्रीच्या आठवणी कोणीं प्रेमानें लिहिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. या चाळींच्या पुनर्विकासांत रहिवाशांस ५०० चौरस फुटांचीं घरें देण्याचें ठरलें आणि वरळीच्या पहिल्या कांहीं कुटुंबांच्या हातीं २०२५ सालीं किल्ल्या पडल्या. घरांतल्या घरांत स्वतःचा संडास असणें ही गोष्ट त्या चाळींत यावयास सुमारें शंभर वर्षें लागलीं.

येथें वाचक विचारतील, संडास घरांत आणणें इतकें अवघड कां होतें? याचें उत्तर एका वांकड्या नळांत आहे. ज्या नळानें घाण बाहेर जाते त्याच नळानें गटारांतील दुर्गंधि आंत येऊं शकते. १७७५ सालीं अलेक्झांडर कमिंग यांनीं इंग्लंडांत एका शौचपात्राचें पेटंट घेतलें. त्यांत नळास असें वांकण दिलेलें होतें कीं, प्रत्येक वेळीं थोडें पाणी त्यांत साचून राहावें. तें दोन बोटें पाणी म्हणजेच घर आणि गटार यांमधील दार होय. आज आपल्या मोरीच्या जाळीखालीं जो ट्रॅप असतो तो याच तत्त्वाचा. फार दिवस न वापरलेल्या न्हाणीघरांतून उन्हाळ्यांत घाण येऊं लागते ती तें पाणी सुकून गेल्यामुळें, आणि तिच्यावर महागड्या औषधांपेक्षां तांब्याभर पाणी ओतणें हा उपाय अधिक चांगला.

परंतु या दाराला दोन अटी आहेत. अलीकडे रोज पुरेसें पाणी पाहिजे, आणि पलीकडे तें वाहून नेणारें गटार पाहिजे. या दोन्ही गोष्टी एका घराच्या हातांतल्या नाहींत. त्या सबंध नगराच्या हातांतल्या आहेत. मोहेंजोदडोचें उत्खनन १९२२ सालीं सुरू झालें, तेव्हां तेथील घराघरांतून पक्क्या विटांच्या उतरत्या न्हाण्या सांपडल्या, आणि त्यांचें पाणी रस्त्यावरील झांकलेल्या गटारांत जात होतें असें दिसून आलें. सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या नगरवासीयांस जें कळलें होतें तें आम्हांस कंत्राटदाराच्या नकाशांत दिसलें नाहीं. न्हाणीघराचा विचार भिंतीपासून नव्हे, रस्त्यापासून सुरू करावा लागतो.

गटार नसेल तेथें माणसास गटार करणें, हाच आपल्या समाजाचा शेंकडों वर्षांचा तोडगा होता. त्याविरुद्ध ज्यांनीं स्वतःच्या हातांनीं काम केलें त्यांत अप्पासाहेब पटवर्धनांचें नांव अग्रभागीं येतें. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतांना त्यांनीं भंगीकाम मागितलें. उच्चवर्णीय म्हणून तें त्यांस नाकारण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं अन्न सोडलें. आणि त्यांच्या पाठिंब्यासाठीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनींहि उपवास केला. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत त्यांनीं मैल्याचें खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग चालविले. १९४९ सालीं मुंबई सरकारनें सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठीं बर्वे समिति नेमली, तिचा अहवाल १९५२ सालीं आला. हातानें मैला उचलण्यास बंदी करणारा केंद्राचा कायदा त्यानंतर चाळीस वर्षांनीं, १९९३ सालीं झाला. तो अपुरा ठरल्यामुळें २०१३ सालीं दुसरा करावा लागला. इतकें होऊनहि गटारांत व मैल्याच्या टाक्यांत उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या थांबलेल्या नाहींत. घरांतील संडास चकचकीत झाला आणि मागची बोळ नाहींशी झाली, एवढ्यानें तो माणूस सुटला असें होत नाहीं. तो फक्त आणखी खोल गेला.

आतां पुन्हां चुलीकडे येऊं. मोरीची कथा जशी नळाची, तशी चुलीची कथा इंधनाची. स्वीडनमध्यें १८९२ च्या सुमारास निघालेला प्रायमस स्टोव्ह आपल्याकडे आला आणि शहरांतील लहान खोल्यांतून धूर कमी झाला. काकू सांगतात कीं, स्टोव्हला पंप मारणें व पिन करणें हें सुनेचें काम; तेल आणण्यास किती पैसे द्यावयाचे हें ठरविणें सासऱ्यांचें. या पितळी स्टोव्हनें स्त्रीचे डोळे वांचविले, परंतु त्याच्याच नांवावर पुढें एक काळें प्रकरण जमा झालें. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यु' अशा मथळ्याच्या बातम्या इतक्या येऊं लागल्या कीं, त्यांतील किती भडके खरोखर स्टोव्हचे, असा प्रश्न समाजास विचारावा लागला. विवाहितेच्या छळाविरुद्ध १९८३ सालीं व हुंडाबळीविरुद्ध १९८६ सालीं दंडसंहितेंत जीं नवीं कलमें घालण्यांत आलीं, त्यांच्या पाठीमागें हा प्रश्न होता. स्वयंपाकघर ही घरांतील सर्वांत कमी साक्षीदार असलेली जागा होती, हा त्याचा अर्थ.

१९५५ सालीं बर्मा-शेल कंपनीनें मुंबईंत 'बर्शेन' या नांवानें सिलिंडरांतील गॅस विकावयास आरंभ केला. या गॅसनें केवळ इंधन बदललें नाहीं, स्वयंपाक करणाऱ्या माणसाची बैठक बदलली. शेगडी सिलिंडरापेक्षां उंच ठेवावी असा नियम. तेव्हां सिलिंडर खालीं आणि शेगडी वर, म्हणजे ओटा आला, आणि बसून रांधणारी स्त्री उभी राहिली. पुष्कळ वृद्ध स्त्रियांस हें रुचलें नाहीं. पाय भरून येतात अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. परंतु ओट्यापाशीं उभी असलेली स्त्री खिडकींतून बाहेर पाहूं लागली, हेंहि खरें. २०१६ सालीं उज्ज्वला योजनेनें गरीब घरांतील स्त्रीच्या नांवानें गॅसची जोडणी देण्यास आरंभ झाला. तथापि दुसरा सिलिंडर घेण्यास पैसे नसल्यामुळें जेथें चूल पुन्हां पेटते, अशीं घरें आजहि पुष्कळ आहेत.

ओट्याची गोष्ट निघाली म्हणून युरोपांतील एका प्रयोगाचा उल्लेख करणें अवश्य आहे, कारण आजचें 'मॉड्युलर' म्हणून विकलें जाणारें स्वयंपाकघर त्याच वंशांतील. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनींतील फ्रँकफुर्ट नगरानें कामगारांसाठीं हजारों घरें बांधलीं. त्यांतील स्वयंपाकघराची आंखणी १९२६ सालीं मार्गारेटे श्यूट्टे-लिहोट्झकी या वास्तुशिल्पज्ञ स्त्रीनें केली. अमेरिकेंत ख्रिस्टीन फ्रेडरिक यांनीं गृहिणीचीं पावलें मोजून कामाची मांडणी कशी करावी हें लिहिलें होतें. आगगाडीच्या डब्यांतील इवल्याशा स्वयंपाकघरांत शेंकडों माणसांचें जेवण कसें होतें, हेंहि या बाईंनीं पाहिलें. त्यावरून १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशी खोली त्यांनीं रेखिली, आणि तशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. आमच्या बी. डी. डी. चाळींतील सबंध बिऱ्हाडाची खोली अशा जेमतेम सव्वादोन स्वयंपाकघरांएवढी भरते, हें येथें सहज सांगावेंसें वाटतें.

या प्रयोगांतून शिकण्यासारखें पुष्कळ आहे आणि सावध होण्यासारखेंहि आहे. स्त्रीचें पाऊल वांचवावें हा हेतु स्तुत्य. पण ती खोली एकाच माणसाच्या मापाची झाल्यामुळें मदतीस दुसरें कोणी आंत उभें राहूं शकेना. आपण ही आंखणी केली तोंवर स्वतः कधीं घर चालविलें नव्हतें वा स्वयंपाक केला नव्हता, असें श्यूट्टे-लिहोट्झकी यांनीं पुढें स्वतःच सांगितलें. पावलें मोजणें आणि पावलें टाकणारीस विचारणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें यावरून दिसतें.

असो. एवढा इतिहास चाळून झाल्यावर आम्हीं गुंडाळलेला नकाशा पुन्हां उलगडला आणि कामाचा क्रम उलटा केला. कंत्राटदारानें फरशांपासून सुरुवात केली होती. आम्हीं रस्त्यावरील गटारापासून केली. घरांतील सांडपाणी कोणत्या वाटेनें जातें, तो नळ किती जुना आहे, त्यास उतार पुरेसा आहे कीं नाहीं, हें आधीं पाहिलें. ज्या ओलीनें हें सारें प्रकरण उपस्थित केलें ती मोरीच्या जुन्या, फुटलेल्या नळाचीच निघाली. वर नवी फरशी बसविली असती तर वर्षभरांत ती उखडावी लागली असती. न्हाणीघराच्या तळाचें जलरोधक काम झाल्यावर त्यांत दोन दिवस पाणी कोंडून ठेवलें, खालच्या छतास डाग येत नाहीं हें पाहिलें, आणि मगच गवंड्यास पुढें जाऊं दिलें.

ओट्याची उंची ठरविण्यासाठीं काकू, सूनबाई आणि घरांतील स्वयंपाक करणारा पुतण्या अशा तिघांस भिंतीपाशीं उभें केलें. कोपर वांकवून, त्याच्या चार बोटें खालीं खूण करावी, हा साधा नियम. तिघांच्या तीन खुणा झाल्या. तेव्हां एक ओटा सूनबाईच्या व पुतण्याच्या मधल्या मापाचा, आणि त्यास लागून एक ठेंगणा भाग काकूंस बसून भाजी निवडतां येईल असा ठेवला. फोडणीचा धूर बाहेर जाण्याची वाट शेगडीच्या नेमकी वर काढली. न्हाणीघराचें दार बाहेर उघडणारें केलें. आंत कोणी घसरून पडलें तर आंत उघडणारें दार त्याच्याच अंगानें अडतें. भिंतीस धरावयाचा दांडा बसविला. त्यास आमच्या चिरंजीवांनीं प्रथम 'इस्पितळासारखें दिसतें' म्हणून नाक मुरडलें, परंतु काकूंनीं तो पहिल्या दिवशींच धरला.

एक प्रश्न मात्र आमच्यापैकीं कोणाच्याच मनांत आला नव्हता, आणि तोहि काकूंनींच काढला. "भांडीं घासायला बाई येतात, त्यांना विचारलंस?" विचारलें. त्या बाईंनीं आधीं "माझं काय, तुम्ही कराल तसं" म्हणून टाळलें. पुन्हां विचारल्यावर म्हणाल्या कीं, मोरींत उकिडवें बसून गुडघे धरतात, उभ्यानें घासतां येईल असें खोल बेसिन असलें तर बरें. आणि मग, अंमळ थांबून, "कामाच्या वेळेंत गरज लागली तर संडास वापरूं का?" असें त्यांनीं विचारलें. कित्येक वर्षें त्या या घरांतील संडास धूत आल्या आहेत. तो वापरण्याची मुभा आपणांस आहे असें त्यांस वाटलें नव्हतें, आणि नाहीं असें आम्हींहि कधीं बोललों नव्हतों. बोलण्याची गरजच पडली नव्हती. वाड्याच्या मागची ती वाट आमच्या घराच्या बांधकामांत उरली नाहीं. तरी आमच्या वागणुकींत ती अजून शिल्लक होती, हें त्या दिवशीं कळलें.

खोल बेसिन बसलें आहे. बाईंच्या प्रश्नाचें उत्तर देतांना आमची मान खालीं गेली, तरी उत्तर दिलें. काम अजून पुरें व्हावयाचें आहे, आणि फरशांच्या रंगाविषयीं घरांत दोन पक्ष आहेत ते आहेतच. त्या वादांत मात्र आम्ही पडत नाहीं. काकूंनीं आपला कौल पांढऱ्या फरशांस दिला आहे. पांढऱ्यावर घाण लगेच दिसते, आणि दिसली म्हणजे कोणाला तरी ती पुसावी लागते, असें त्यांचें म्हणणें. ती कोणीं पुसावी, हें मात्र या खेपेस सर्वांनीं मिळून ठरवावयाचें आहे.